बाईसाहेबांची रिकामी वाटी

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझी कवळी चारचौघांत निसटून ताटात पडो. मागच्या खेपेला देवमाशाचं सांगितलं होतं ते सोडा, तेव्हा मला ताप होता. हे मात्र घडलेलं आहे.

तर टाचणीबाई नावाची एक खाजगी गुप्तहेर होती. अंगानं टाचणीएवढी आणि टोकालाही तशीच. बंद कपाटात कुणाचा कोट टांगलाय हे ती नुसत्या वासावर सांगायची, आणि कोटवाल्याचं बायकोशी पटतं का तेही. तिच्या जोडीला तिचा मावसभाऊ. ऐसपैस, मऊ, ठेवाल तिथं पडून राहणारा, म्हणून उश्या. डोकं जरा सावकाश चालायचं त्याचं. भूक मात्र वेळेवर लागायची.

एका दुपारी त्यांच्याकडे एक म्हातारा घड्याळजी आला. दुकान बंद करून जमाना झाला, तरी खिशाला भिंग लटकतच होतं. खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला, "माझ्या घरात खून होतोय. रोज थोडा थोडा."

उश्या सरसावून बसला. "कुणाचा?"

"मांजरीचा."

उश्या पुन्हा मागे टेकला. टाचणी मात्र पुढे झाली.

मांजर घड्याळजीच्या बायकोची. बायको गेली, मांजर राहिली. तिचा रुबाब असा की घरात सगळे तिला बाईसाहेबच म्हणायचे. म्हातारपणी बाईसाहेबांना साखरेचा आजार जडला. सकाळ-संध्याकाळ, आठच्या ठोक्याला इन्शुलिनची सुई. ती घड्याळजी स्वतः द्यायचा. परवा संध्याकाळी सुई दिल्यावर थोड्या वेळानं बाईसाहेब दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खाऊ लागल्या, भिंतीवर आपटल्या, आडव्या पडून आचके द्यायला लागल्या. हिरड्यांना साखरेचा पाक चोळत त्यानं दवाखाना गाठला. आज सकाळी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, साखर पार तळाला गेली होती. आणखी एक झटका आला तर ही परत यायची नाही.

"माझा हात चुकत नाही," घड्याळजी म्हणाला. "केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्यात मी. कुणीतरी बाटलीत काहीतरी घालतंय."

संशय कुणावर, तर खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर. तो ट्रम्पेट शिकवायचा आणि मांजरांवरून सारखी कटकट करायचा. नाहीतर दवाखान्यातल्या कंपाउंडरवर, बाटली त्याच्याच हातून येते. घरात तिसरं कोण, तर धाकटी. म्हणजे घड्याळजीची बहीण. केस पांढरे झाले तरी धाकटीच. तिचं नाव घेताना तो जरा थांबला. म्हणाला, "ती असं करणार नाही. पण नीट बघा."

तिघं घरी गेली. स्वयंपाकघर लहान, पण लखलखीत. बाईसाहेब खिडकीखाली घडी घातलेल्या शालीवर पडलेल्या. पाठीचे मणके मोजून घ्यावेत इतक्या वाळलेल्या. शेजारी स्टीलची वाटी, आरशासारखी स्वच्छ. टाचणीनं ती उचलली. खाली फरशीवर पाण्याचं गोल वर्तुळ होतं. तिनं वाटी होती तशी ठेवून दिली.

"जेवण तरी झकास चाललंय," उश्या म्हणाला.

मग टाचणीनं फ्रिज उघडला. बाटली दाराच्या कप्प्यात, हवी तिथं. घड्याळजीनं ती तळहातांत हळूच घोळवून दाखवली. औषध दुधासारखं एकसारखं पांढरं, ना गुठळी, ना पाणी. सुया मांजरांच्या औषधाच्याच, लाल टोपणाच्या. भिंग डोळ्याला लावून त्यानं सुई भरून दाखवली तेव्हा एक बुडबुडासुद्धा आला नाही.

सुई दिसल्याबरोबर धाकटी उठून व्हरांड्यात गेली.

"हिचं हे असंच," घड्याळजी म्हणाला. "लहानपणी शाळेत लस टोचायला आले तर ही पिंपात लपली होती."

"लपले नव्हते, तू ढकललं होतंस, दादा," बाहेरून आवाज आला.

टाचणी तिच्यामागे व्हरांड्यात गेली. या घरात कामं वाटलेली होती. सुई दादाची, वाटी धाकटीची. मांजरीसाठी मांस उकडायचं, कालवायचं, वाटी मांडायची, उचलायची, सगळं तिच्याकडे. दोघं एकमेकांच्या कामात नाक खुपसत नव्हते. एकदा खुपसलं होतं, तर आठवडाभर अबोला झाला होता. धाकटीनं हे सगळं भराभर सांगितलं आणि कुणी न विचारताच म्हणाली, "खाते ना ती. सगळं खाते. वाटी बघा की तुम्ही."

उश्याला दवाखान्यात धाडलं. टाचणी खाली ट्रम्पेटवाल्याकडे गेली. तो म्हणाला, वरच्या म्हातारीशी, म्हणजे मांजरीशी, माझं काही वाकडं नाही. माझं भांडण बोक्याशी आहे. एक रस्त्यावरचा बोका हल्ली सकाळ-संध्याकाळ मागच्या अंगणात हजर असतो, नेमका रियाजाच्या वेळी. महिन्याभरात असा फुगलाय की फाटकातून आडवा होऊन शिरतो.

"आधी मला वाटलं, माझं वाजवणं ऐकायला येतो," ट्रम्पेटवाला म्हणाला. "जन्मात एक श्रोता मिळाला म्हणून खूश होतो मी. पण बाई, तो माझ्याकडे बघतच नाही. वर बघत बसतो."

संध्याकाळी उश्या घामाघूम होऊन परतला. कंपाउंडर सरळ माणूस, बाटली सीलबंद देतो. डॉक्टर म्हणाले, साखर अशी कोसळायला तीन कारणं. औषध जास्त झालं, दोनदा दिलं गेलं, नाहीतर पोट रिकामं होतं.

"तिसरं मी तिथंच सोडून दिलं, ताई. वाटी मी या डोळ्यांनी पाहिली होती."

"आणखी काय म्हणाले?"

आणखी असं, की सुईचं सगळं त्यांनी एकट्या घड्याळजीला शिकवलं. धाकटी तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. नंतर दोघांना समोर बसवून ते म्हणाले, ही खाणं सोडेल त्या दिवशी हिला घेऊन या, उगाच हाल करू नका. घड्याळजीनं तिथल्या तिथं शब्द दिला.

टाचणीनं डोळे मिटले. "उश्या, या गोष्टीत गुन्हेगार सापडला तरी कुणाचं भलं व्हायचं नाही."

आठ वाजायला आले तशी तिनं सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. ट्रम्पेटवाल्यालाही. धाकटीनं वाटी भरून मांडली. टाचणी म्हणाली, आता कुणी जागचं हलायचं नाही.

बाईसाहेबांनी मान उचलली. वाटीला नाक लावलं. मग तोंड फिरवून शालीवर पडून राहिल्या.

सगळे बघत होते. वाटी भरलेली ती भरलेलीच. थोड्या वेळानं खिडकीखालून आवाज आला, जाड, हक्काचा. बोका जेवायला आला होता.

"बाटलीला कुणी हात लावलेला नाही," टाचणी म्हणाली. "औषध बरोबर, सुई बरोबर, हातही बरोबर. मग उरलं रिकामं पोट. पण वाटी तर रोज साफ. मांजर वाटी चाटते, धूत नाही. आणि धुतली तरी खालून धूत नाही. तुमच्या वाटीखाली फरशी ओली होती. इथं मांजर वाळतेय, तिथं बोका फुगतोय, आणि दोघांच्या मधे ही एक खिडकी."

घड्याळजी बहिणीकडे बघायला लागला.

धाकटी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तू शब्द दिला होतास, दादा. आणि तू दिलेला शब्द मोडत नाहीस. तिनं एक दिवस खाल्लं नाही असं कळलं असतं, तर तू त्याच दिवशी तिला उचलून नेलं असतंस. वहिनीच्या मागे या घरात ती एकच उरलीय." पदर सोडून म्हणाली, "महिनाभर ती निम्मं टाकायची, परवापासून तर तोंडच लावत नाही. मला वाटलं, वाटी रिकामी दिसतेय तोवर ती राहील."

"धाकटे, मी वाटी बघूनच सुई द्यायचो," घड्याळजी म्हणाला. आवाज अगदी हळू. "आधी पोट, मग सुई. रिकाम्या पोटी दिली तर मरते ती."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलं नाहीस."

 ट्रम्पेटवाला उठून हळूच खाली गेला. त्या संध्याकाळी त्यानं वाजवलं नाही.

उश्यानं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आता सुई देऊ नका. आपण होऊन खाल्लं तर बघू. नाही खाल्लं तर सुई देऊनही जाणार, न देऊनही. सकाळपर्यंत वाट बघा, मग तिला घेऊन या. धाकटी भरल्या वाटीशी बसून राहिली आणि केव्हातरी तिथंच भिंतीला टेकून झोपली.

सकाळी टाचणी आणि उश्या गेले तर वाटी रिकामी. घड्याळजी बहिणीला हलवून म्हणत होता, "ऊठ, धाकटे. खाल्लं तिनं. सगळं खाल्लं." धाकटी रडली, हसली, पुन्हा रडली. शेजारी बाईसाहेब उन्हात बसून पंजा चाटत होत्या. आठचे ठोके पडले. घड्याळजीनं सुई हातात घेतली, पण टोपण काही काढलं नाही.

संपली गोष्ट.

आता असं बघू नका माझ्याकडे. एवढीशी एक गोष्ट पदरची घातली, ती सांगून टाकते. वाटी रिकामी होती हे खरं. घड्याळजी तसं म्हणाला हेही खरं. बाईसाहेब उन्हात बसून पंजा चाटत होत्या, तेवढं माझं. त्या शालीवर पडल्या होत्या तशाच पडून होत्या.

आणि त्या सकाळी टाचणीनं वाटी उचलली तेव्हा खाली फरशी पुन्हा ओली होती, गोल. तिनं घड्याळजीकडे पाहिलं. मग वाटी त्याच वर्तुळावर, अगदी बरोब्बर, परत ठेवली.