गुरुवारचा आशीर्वाद

बसा रे, आठच वाजलेत. नऊच्या आत खोलीवर पोहोचायचा तुमचा नियम मला ठाऊक आहे. तुमच्यासारखी चर्चची ढीगभर प्रचारक पोरं या टेबलावर जेवून गेलीत. एल्डर बार्लो, मासा सावकाश, काटे आहेत. दाढीचा पत्ता नाही आणि म्हणवून घेता एल्डर, म्हणजे थोरले! असो. वीज येईपर्यंत एक सांगतो. ऐकीव नाही. तुमच्याच खोलीत राहून गेलेल्या पोराची गोष्ट आहे.

एल्डर सोरेन्सन त्याचं नाव. अमेरिकेतल्या आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला, वय एकोणीस. जोडीदार आपल्याच फिलिपाइन्सचा, इलोइलोकडचा, एल्डर मागबानुआ. गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. सोमवारी दोघांनी कपडे धुतले, शाळेच्या पटांगणात बास्केटबॉल खेळले. मंगळवारी पुलापलीकडे नानाय सालुदकडे, म्हणजे सगळ्यांच्या सालुद आईकडे गेले. म्हातारी पंचाहत्तरीची. छातीत दुखायचं तिच्या. म्हणाली, "पोरा, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दे रे. मला फार भीती वाटते."

पण घरात दुसरं कुणी नव्हतं. बाई एकटी असली की तुम्ही उंबरा ओलांडत नाही. सोरेन्सननं दारातूनच विचारलं, "नानाय, बर्टो समुद्रावरून कधी येतो?"

"माझा पोरगा ना? गुरुवारी दुपारी."

"मग गुरुवारी, तेवीस तारखेला, संध्याकाळी सातला येतो. नक्की."

काम एवढंच होतं. सायकलनं पंधरा मिनिटांची वाट.

गुरुवारी पावणेसातला दोघं माझ्या दारावरून चालले होते. माझ्या नातीचा वाढदिवस होता. पान्सितच्या शेवया, गोड स्पॅगेटी, कराओके, सगळा थाट. मीच ओरडलो, "अरे, उपाशी कुठं निघालात? या आत!"

मागबानुआ म्हणाला, "ताताय, सातला नानाय सालुदकडे पोहोचायचंय."

"म्हातारी कुठं पळून चाललीय? उद्या जा की!"

सोरेन्सननं पुलाकडे पाहिलं. पलीकडे वीज गेलेली, अंधार मिट्ट. त्यानं सायकल माझ्या भिंतीला टेकवली.

हो, मीच थांबवलं त्यांना. गंमत म्हणून बोललो. आज त्या पुलावरून जाताना माझी मान वर होत नाही.

शुक्रवारी गेले नाहीत. शनिवारीही नाहीत. एकदा चुकलं की तोंड दाखवायला जिवावर येतं. रविवारी संध्याकाळी नेहमीसारखा त्यांच्या प्रमुखाचा फोन आला. आठवड्यात कुणाकडे गेलात, काय केलंत, सगळं सांगायचं असतं.

"आणि गुरुवारी?" प्रमुखानं विचारलं.

"नानाय सालुदला आशीर्वाद दिला," सोरेन्सन म्हणाला. चक्क तोंड वर करून.

प्रमुख एवढंच म्हणाला, "बरं."

फोन ठेवल्यावर मागबानुआ जोडीदाराकडे बघेना. "खोटं बोलायला दुसरं काही सापडलं नाही तुला? आशीर्वादच सापडला?"

सोरेन्सनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ताटातला भात तसाच राहिला. शेवटी उठला. "चल. आत्ताच जाऊ. पाया पडतो तिच्या."

सात वाजता पोहोचले. वीज नव्हती. दार उघडं होतं. खोलीच्या मधोमध खुर्ची. खुर्चीत नानाय, दाराकडे पाठ करून.

"नानाय..."

"सात वाजले का रे, पोरा?"

"वाजले."

"मग ये. बर्टो आहे मागे."

मागच्या बाजूला भांडं वाजलं. पुरुष माणूस आहे, म्हणून दोघं आत गेले. डोक्यावर हात ठेवले.

केस गार होते.

आशीर्वादात आधी पूर्ण नाव घ्यायचं असतं. सोरेन्सननं घेतलं. पुढे शब्द सुचेनात. एकही नाही. आणि मग तो रडतच बोलला, "नानाय, मी गुरुवारी आलो नाही... आलो म्हणून सांगितलं..."

"...ठाऊक आहे."

वीज आली.

हातांखाली काही नव्हतं. रिकामी खुर्ची.

मागच्या दारातून बर्टो आला, हातात मोठं पातेलं. "एल्डर? असे हात काय धरलेत खुर्चीवर?"

मागबानुआला कसंबसं विचारता आलं, "नानाय...?"

"आई गेली. गुरुवारीच. त्याच रात्री होडीनं ताईच्या बेटावर नेली, पुरेपर्यंत तिथं सगळे तिच्यापाशी जागताहेत. मी भांडी न्यायला आलो." बर्टो खुर्चीकडे बघत म्हणाला, "साडेसहाला ही मधे मांडायला लावली. जेवायला उठेना. पोरं येतील, म्हणे, मी बसलेली बरी. सव्वासातला मान टाकली."

तो रागावला नाही, पोरांनो. रागावला असता तर बरं झालं असतं. सोरेन्सनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना पुलावर थांबून त्यानं स्वतःच प्रमुखाला फोन लावला. काही लपवलं नाही. पलीकडून आवाज आला, "मला माहीत होतं. तू आपण होऊन सांगशील म्हणून थांबलो. गुरुवारी रात्रीच एका म्हातारीचा फोन आला होता. म्हणाली, पोरं आली नाहीत, पण त्यांना बोलू नका. वाटेत फार अंधार आहे."

"किती... किती वाजता?"

"पावणेआठला. चार मिनिटं बोलली."

"तिच्याकडे फोन नव्हता."

"अरे, तुझ्याच फोनवरून बोलत होती. मला वाटलं, तूच दिला असशील तिला."

पावणेआठला तो फोन सोरेन्सनच्या शर्टाच्या खिशात होता. इथं, याच खुर्चीवर. मी त्याला दुसऱ्यांदा वाढत होतो...

पोरं बदलतात. फोन मात्र या भागाचाच राहतो, एकाकडून दुसऱ्याकडे. एल्डर बार्लो, तुमच्या खिशातला, तोच. जुने सगळे कॉल पुसले जातात त्यातले. एक तेवढा जात नाही. सोरेन्सननं पुसून पाहिला, त्याच्यानंतरच्यांनीही पाहिला.

बघा ना. तेवीस ऑक्टोबर. खाली जा... अजून खाली...

किती मिनिटं दाखवतोय?

...

हं. चार.