गोठ्यातलं बाळ

कॅल्विन मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या हातात त्याच्या आळीचा बाळ येशू होता.

मी चोरला नव्हता, आधीच सांगते. नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी, वर्ग रिकामा झाल्यावर, दुसरीतल्या प्रिन्सीच्या दप्तरातून तो निघाला. टॉवेलात गुंडाळलेला, वीतभर, एका हाताचा रंग उडालेला. वटार गावात त्यांच्या आळीत दर नाताळला पेंढ्याचा गोठा मांडतात, त्यातला.

"हा इथे कसा आला?"

"मी आणला." प्रिन्सी बाकाच्या कडेला नख घासत राहिली. "बाळ गोठ्यातूनच आणतात ना, टीचर? मग मम्मी हॉस्पिटलमध्ये कशाला झोपलीये? मी तिला हे देणार... मग ती घरी येईल."

तिची आई क्लारा तीन आठवडे दवाखान्यात पडून होती. सातवा महिना, डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. वडील बोटीवर नोकरीला. प्रिन्सी आजोळी, आजी आणि मामाकडे.

मला लहानपणी 'बाप्पाने दिलं' असं सांगितलं होतं. खरं कळलं तेव्हा मला आईचा इतका राग आला, की तो अजून पुरता गेलेला नाही. म्हणून मी प्रिन्सीच्या शेजारी बसले आणि खरं सांगितलं. बाळ आईच्या पोटात वाढतं, गर्भाशय नावाच्या पिशवीत. आईच्या शरीरातलं एक इवलंसं बीज आणि बाबांच्या शरीरातलं एक, दोन्ही एकत्र आली की त्याची सुरुवात होते.

"बाहेर कसं येतं?"

"आईच्या दोन पायांच्या मध्ये त्याच्यासाठी एक वाट असते. कधी डॉक्टर पोटाला छेद देऊन बाहेर काढतात."

"दुखतं?"

"दुखतं. पण डॉक्टर औषध देतात, आणि नंतर बरं होतं."

तिने माझ्या हातातल्या बाळावरचा टॉवेल सारखा केला. "मला कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. तेवढ्यात दारात कोणीतरी खाकरलं.

उंच, सावळा, चपलांना वाडीतली माती. कान लालभडक. तो किती वेळ उभा होता ते त्या कानांवरूनच कळत होतं.

"मी कॅल्विन. हिचा मामा," तो म्हणाला. "आणि ते बाळ... आमचं आहे. शेजारच्या आळीने नेलं म्हणून सकाळपासून आमची पोरं भांडायला निघालीत."

"गोठ्याची गोष्ट हिला कोणी सांगितली?"

तो माझ्याकडे बघायचं टाळून टॉवेलाची घडी घालायला लागला. "मीच. पेंढा लावत होतो, हिने विचारलं... तोंडाला येईल ते बोललो."

"तोंडाला यायच्या आधी थोडा विचार करायचा." मी फटकळ आहे, आई रोज सांगते.

बाळ येशू गुपचूप गोठ्यात गेला. प्रिन्सीचं नाव कुठे येणार नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी कॅल्विन गेटवर हजर, हातात वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची, पुडी आणि एक चिठ्ठी.

"प्रिन्सीचे प्रश्न आहेत. मला उत्तरं येत नाहीत."

जुळी कशी होतात? बाळ पोटात जेवतं कसं? मी उत्तरं सांगितली, त्याने डोकं हलवत ऐकली. तिसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत होतं, टीचरला सुकेळी आवडली का?

"हेही प्रिन्सीने विचारलं?"

"तिला फार उत्सुकता असते," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. मला हसू आवरेना. त्या संध्याकाळी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मी अख्खी पुडी संपवली, आणि आईने दोनदा विचारलं तरी कोणी दिली ते सांगितलं नाही.

रविवारी सगळं फिसकटलं. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटल्यावर कोणीतरी प्रिन्सीला लाडाने विचारलं, "बाळ कधी आणणार गं?" प्रिन्सीने बाळ आणत नाहीत हे खणखणीत आवाजात, वाटेसकट, सगळ्यांना समजावून सांगितलं. तिची आजी, इनेझबाई, शरमेने घरी निघून गेल्या. संध्याकाळी मुख्याध्यापिका संजना मॅडमचा फोन आला.

"विनया, लेकरांना घाण शिकवता, अशी इनेझबाईंची तक्रार आहे. रजिस्टरला पालक म्हणून मामाचं नाव आहे. त्याची सही झाली की मला अर्ज संस्थेकडे पाठवावाच लागेल. तुला जूनला नोकरीत कायम व्हायचंय की नाही? माफीच्या दोन ओळी लिहून आण."

मी कॅल्विनला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मग मेसेज आला, 'सोमवारी येतो.' बस, एवढंच. हे दोन शब्द मी किती वेळा वाचले ते विचारू नका. सही करायला येतो की न करायला? माफीच्या दोन ओळी मी तीनदा लिहिल्या आणि तीनदा फाडल्या. नोकरी जाण्याची भीती होतीच. पण अर्जाखाली त्याचं नाव बघायची भीती जास्त होती, आणि हे लक्षात आल्यावर मी आणखीच घाबरले.

सोमवारी ऑफिसात इनेझबाई ताठ बसल्या होत्या. घरची बोली बाजूला ठेवून त्या शाळेतल्या मराठीत बोलत होत्या, त्यामुळे राग अधिकच टोचत होता. टेबलावर अर्ज, अर्जावर पेन. कॅल्विनचा पत्ता नाही.

"माफी आणलीस?" मॅडमनी विचारलं.

"नाही. मी खोटं काही सांगितलं नाही, मॅडम. माफी लिहिली तर ते खोटं होईल."

मॅडमनी डोळे मिटले. तेव्हाच तो आत आला. माझ्याकडे एकदाही न बघता खुर्चीत बसला आणि अर्ज ओढून वाचायला लागला. पूर्ण वाचला. त्याने पेन उचललं.

"मी क्लाराकडे गेलो होतो," तो आईला म्हणाला. "पोर तिची. सही करायची तर तिला विचारायला हवं."

"मग?"

"शनिवारी प्रिन्सीने तिच्या पोटावर हात ठेवून विचारलं, छेद देणार का गं? दुखलं तर मला सांग. क्लारा म्हणते, मी महिनाभर जे पोरीला सांगायला घाबरत होते, ते टीचरने सांगितलं. मोकळी झाले." तो थांबला. "आणि मम्मी, गोठ्यातलं बाळ शेजारच्या आळीने नेलं नव्हतं. माझ्या थापेवर विश्वास ठेवून नेलं गेलं होतं. कोणी, ते मी सांगणार नाही. चूक माझी." त्याने पेन टोपण लावून मॅडमसमोर ठेवलं.

इनेझबाईंनी पदर सारखा केला. सगळ्यांना वाटलं, आता भडकणार.

"माझं लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते," त्या हळूच म्हणाल्या. "क्लारा पोटात होती, तर मला वाटायचं बेंबी उघडते. कळा येईपर्यंत तेच वाटत होतं... कोणाला विचारायचं?" मग माझ्याकडे वळल्या. "तरी चर्चच्या आवारात सांगायला नको होतं तिने."

"कुठे बोलायचं, कुठे नाही, हेही शिकवते," मी म्हणाले.

त्यांनी अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. "हा मी घरी नेते."

गेटपाशी कॅल्विन माझ्यासाठी थांबला होता. हातात पुडी नव्हती, चिठ्ठीही नव्हती.

"फोन का नाही उचलला?" मी विचारलं.

"क्लाराला विचारायच्या आधी तुमचा आवाज ऐकला असता, तर तुमच्याच बाजूने झालो असतो. मग ते खरं ठरलं नसतं." त्याने चपलेने माती उकरली. "एक प्रश्न आहे, टीचर. माझाच. खरं उत्तर द्यायचं."

"वयाला झेपेल एवढंच देईन. वय किती?"

"एकोणतीस."

"विचारा."

"मी सही केली असती तर?"

"रडले असते."

"नोकरीसाठी?"

मुलांना मी उत्तर देताना कधी अडखळत नाही. आता मात्र शाळेची घंटा झाली, रिक्षा येऊन उभ्या राहिल्या, प्रिन्सी दप्तर सावरत आमच्याकडे धावत निघाली... आणि ती पोचायच्या आत मी त्याच्याकडे बघून म्हणाले, "नाही. नोकरीसाठी नाही."