दर्भाचा कावळा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटेल त्याने घ्यावी, ज्याला नाही पटणार त्याने भाईंदर पश्चिमेला जाऊन शैलाताईला विचारावं. ती आजही त्याच लॅबच्या काउंटरवर बसते.

आणि आधीच सांगून ठेवतो, यात रात्र नाही.

भर दुपार होती. २००९ सालची सर्वपित्री अमावास्या. गच्च्यांवर पानं वाढून ठेवलेली, कावळ्यांची नुसती चंगळ. भुताला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचून झाल्यावर दुपारी बाराला एकटं बसून बघावं.

रसिका तेव्हा त्या रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये सर्व्हर सांभाळायची. गिरगावातून मीरा रोडला राहायला आलेलं घर, नाकावर माशी बसू न देणारी पोरगी. श्रावणात नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने बॅकअप नव्याने लावला. लॅबमध्ये दिवसभर जे काही नोंदलं जाई, त्याची डेटाबेस एक-एक लॉग फाईल बनवायचा. फाईल भरली की ती इंटरनेटवरून परदेशातल्या एका स्टोरेजवर जायची. लोक त्याला क्लाऊड म्हणायला नुकतेच शिकत होते. शैलाताई ढगच म्हणायची.

यात एक गोम होती. फाईल ढगात पोचल्याशिवाय इथली पुसली जात नसे. एक अडली की मागच्या सगळ्या अडायच्या. मग डिस्क भरणार, डेटाबेस बंद पडणार, आणि पलीकडच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला घेतलेल्या माणसाचा रिपोर्टसुद्धा निघणार नाही.

श्रावणभर सगळं सुरळीत चाललं.

पितृपंधरवडा लागला आणि...

रोज दुपारी बाराच्या सुमाराला फाईली अडायला लागल्या. थोडा वेळ अडायच्या, मग आपोआप सुटायच्या. रसिकाने शोध घेतला. कारण साधं निघालं. ते स्टोरेज मोठं शिस्तीचं, पाठवणाऱ्याचं घड्याळ चुकलं की फाईल दारातूनच परत पाठवायचं. आणि या सर्व्हरचं घड्याळ दुपारी मागे जात होतं.

"सेल गेलाय," ती म्हणाली. तिने मशीन बंद केलं, आतला बटणासारखा सेल बदलला. पालथ्या घड्यावर पाणी.

सेल गेला की घड्याळ कुठल्या तरी जुन्यापुराण्या तारखेवर जातं. हे मात्र दरवेळी एकाच ठिकाणी जाऊन बसायचं.

१४ जुलै २००८. बारा वाजून दहा मिनिटं.

अमावास्येला उत्तनला लॅबचं तपासणी शिबिर होतं. सकाळपासून नोंदींचा पूर आला होता. बाराला फाईली अडल्या. रसिका वाट बघत बसली. साडेबारा झाले, एक वाजला.

सुटल्या नाहीत.

ती सर्व्हरच्या खोलीत गेली. खोली कसली, सॅम्पलच्या फ्रिजमागची जुनी अडगळीची जागा. एसी, एक कपाट, कपाटात मशीन. तिने घड्याळ बरोबर लावलं. स्क्रीनवर आजची तारीख आली. तिने डोळे मिटून उघडले तर...

१४ जुलै २००८. बारा दहा.

परत लावलं. परत तेच.

मग तिच्या लक्षात आलं की खोलीत आवाजच नाही. मशीनचे पंखे फिरताना दिसत होते. दिवे लुकलुकत होते. पण घरघर नव्हती. एसीचीही नव्हती. बाहेर काउंटरवर पेशंटचा गलका असायला हवा, तोही नाही.

आणि मग कपाटाच्या लोखंडी दारावर...

टक... टक.

अंगठी घातलेल्या बोटाने कोणी वाजवावं तसं.

"कोण आहे?" रसिका जोरात म्हणाली. "भूत असशील तर पासवर्ड टाकून ये! असं मागच्या दाराने यायचं नाही!"

 हळूहळू पंख्यांची घरघर परत सुरू झाली. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज चढलेलाच होता.

"शैलाताई, १४ जुलैला गेल्या वर्षी काय झालं होतं?"

शैलाताईच्या हातातला पेनच गळून पडला. उत्तनची बाई, कोळीवाड्यातली, कशाला म्हणून न घाबरणारी.

"तुला कोनी सांगितला न्हाय काय? त्या दिशी जितेश गेला. तुझ्या आधी त्योच होता हितं. मशीन बिघडला, आठ दिवसांचे रिपोर्ट गेले. पराग सर म्हनले, यानंच बॅकअप घेतला न्हाय. आपल्या डॉक्टर मॅडमनी काढून टाकला त्याला. दुपारचे बारा वाजून गेलेले, त्या खोलीतून बाहेर आला आनि ह्या जिन्यावरच पडला. छातीत कळ आली."

"तो जाताना कपाटावर वाजवायचा का?"

"दुपारी जेवाय जाताना, रोज. अंगठीनं, दोनदा. तुला कसा म्हाईत?"

रसिकाने फ्रिजमागच्या खोलीकडे पाहिलं.

"त्याच्या दहाव्याला आमी गेलेलो," शैलाताई आवाज खाली करून म्हणाली. "कावळा काय शिवला न्हाय. मिनल, त्याची बायको, किती बोलली, मी पोरीला शिकवन, आईला सांभाळन. झाडावर कावळेच कावळे, पन एक खाली उतरंल तर शपत. शेवटी भटजी म्हनले ऊन चढला. दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, न् आलो घरी."

तेवढ्यात मॅनेजर पराग सर तरातरा आले. डिस्क भरत आल्याची घंटी त्यांच्याही कॉम्प्युटरवर वाजली होती.

"काय चाललंय रसिका? आज डेटाबेस बंद पडला तर उद्यापासून येऊ नकोस."

"घड्याळ टिकत नाहीये सर. फाईल जात नाही."

"मग गेली असं सांग ना मशीनला! पाठवायची कमांड काढ, तिथे नुसतं 'पाठवली' असं उत्तर ठेव. मशीन खूश, जुन्या फाईली पुसल्या जातील, डिस्क मोकळी. ढगात कोण बघायला जातंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उद्या डिस्क उडाली तर?"

"अगं, काही होत नाही. नेट चालत नव्हतं तेव्हा जितेशलाही मी हेच करायला लाव..."

ते थांबले.

उशीर झाला होता. शैलाताईने ऐकलं होतं. रसिकाने ऐकलं होतं.

आणि फ्रिजमागच्या बंद खोलीतून...

टक... टक.

पराग सरांनी ऐकलं की नाही देव जाणे, पण ते एक पाऊल मागे सरले.

रसिकाच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. फाईल न पाठवता पाठवली म्हणायचं. पिंडाला कावळा न शिवता शिवला म्हणायचं. हुकूम पराग सरांचा, आणि नाव त्या मेलेल्या माणसाचं. आज तिने तेच केलं असतं, तर पुढच्या वेळी नाव तिचं लागणार होतं. तिला भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा राग मोठा होता.

"नाही करणार," ती म्हणाली. "काय करायचं ते करा."

ती एकटी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आवाज पुन्हा गेला होता. थंडीने अंगावर काटा आला. एसी तर बंद पडला होता.

ती कपाटासमोर उभी राहिली.

"जितेश, ऐक. मी तुझ्या पाया पडणार नाही, नारळही देणार नाही. माझ्यावर कसला डूख धरतोस? मी तुझं काय वाकडं केलंय? तुझी चूक नव्हती, हे मला आता कळलंय. मी मॅडमना सांगते. मिनलला सांगते. आजच सांगते, नोकरी गेली तरी सांगते. पण तिकडे ऑपरेशनला माणूस घेतलाय. घड्याळ सोड!"

काही नाही.

काही नाही...

मग तिच्या कानाजवळून कोणीतरी लांब श्वास सोडल्यासारखं झालं.

स्क्रीनवरची तारीख बदलली. १८ सप्टेंबर २००९. रसिकाचा हात कीबोर्डवर नव्हता.

अडलेली पहिली फाईल ढगात गेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. धरणाचं दार उघडावं तशा सगळ्या गेल्या. पंखे घरघरायला लागले.

बाहेर पराग सर घाम पुसत उभे होते. गोड हसले.

"गेल्या ना? शाब्बास. आता विषय संपला. मी पण रागात काहीतरी बोललो. तुझी नोकरी पक्की, जा, जेवून घे."

खरंच होतं. काम झालं होतं. आता गप्प बसली असती तरी फाईली थांबल्या नसत्या, कदाचित.

रसिका त्यांच्या बाजूने सरळ पुढे गेली, जिना चढली आणि लॅबच्या मालकीण डॉक्टर नीलिमा मॅडमच्या केबिनचं दार न ठोठावता उघडलं. समोर पेशंट बसला होता. त्याच्या देखत तिने सगळं सांगितलं. मागून शैलाताई आली आणि म्हणाली, "मी पन ऐकला हाय."

मॅडमनी पेशंटला बाहेर बसायला सांगितलं. मग त्यांनी मिनलला फोन लावला. पलीकडून नुसतं रडणं आलं. त्या रडण्याने रसिकालाही भरून आलं.

सर्व्हरचं घड्याळ त्यानंतर कधी मागे गेलं नाही.

पण पराग सरांचं जायला लागलं.

आधी केबिनमधल्या कॉम्प्युटरचं. मग मोबाईलचं. दिवाळीच्या आत त्यांनी नोकरी सोडली आणि अंधेरीला दुसऱ्या कंपनीत गेले. मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत हेच सांगितलं होतं की जितेशने जे केलं ते आपल्या मनाने केलं.

थंडीत एका दुपारी रसिकाचा फोन वाजला.

"रसिका..." पराग सरांचा आवाज बसला होता. "तू ते घड्याळ दुरुस्त कसं केलं होतंस? नवीन फोन घेतला ग मी. इथलं मशीनही तेच दाखवतंय."

"मी काही केलं नाही सर. खरं बोलले, एवढंच. तुम्हीही बोलून बघा."

पलीकडे काहीच नाही.

ऑफिसचा गलका नाही, पंखा नाही, श्वासही नाही...

आणि मग, अगदी फोनला लागून...

टक... टक.

रसिकाने फोन ठेवला. आपण कोणाला घाबरत नाही, असं ती आजही छाती ठोकून सांगते. पण त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला तिची मान वळली नाही, हेही तीच सांगते.