मिठातली ओल

लातूर नवा जिल्हा झाला म्हणून पाऊस थोडाच जास्त पडतो! दुसऱ्याच उन्हाळ्यात चाकूरच्या विहिरींनी तळ दाखवला. तिथले गुरुपादप्पा मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. पेल्यात मिठाचं पाणी घ्यायचं, जस्ताची आणि तांब्याची पट्टी त्यात उभी करायची, तारा मीटरला जोडायच्या, की सुई हललीच. "दोन धातू आन् मधी खारट ओल. झाली वीज!" ते सांगायचे.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या सात वर्षांच्या नीलम्माला हगवण लागली. पाणी पाजलं की हगवण वाढते, असं शेजारीपाजारी म्हणाले, आणि एवढा शिकलेला माणूस ते ऐकून बसला! पोर दोन दिवस "अप्पा, घोटभर दे की" करत होती. तिसऱ्या दिवशी मागायची थांबली.

लिंगायतांच्या रीतीनं तिला शेतात बसवून पुरलं. अंगावर मंत्र लिहिलेले तांब्याचे तुकडे, भोवती विभूती आणि मीठ. माती लोटताना मास्तरांच्या मनात नको ते आलं. तांबं हाय, मीठ हाय. ओल तेवढी न्हाई.

महिन्याभरानं, भर दुपारी, ते मीटर घेऊन समाधीवर गेले. मातीत दोन्ही पट्ट्या खोचल्या. सुई शून्यावर. तांब्याभर पाणी ओतलं, तशी सुई हलली. यात नवल काहीच नव्हतं, तरी मास्तर ढसाढसा रडले. मग स्वतःच्या वाट्याचं पाणी ते रोज तिथंच ओतू लागले. त्यांचे ओठ फुटले.

त्यांच्या बायकोला, रत्नम्माला, हे कळलं. ती भांडली नाही. कळशी भरून घेऊन शेतात निघाली.

मास्तर पट्ट्या खोचून बसले होते. माती ठणठणीत कोरडी. रत्नम्मा लांब बांधावर दिसली आणि सुई हलली.

"कळशी खाली ठेव!" मास्तर ओरडले.

तिनं ठेवली. सुई शून्यावर आली.

"उचल आता."

सुई टोकाला जाऊन थरथरू लागली.

"काय झालं हो?"

"पोर पाणी मागायलीय गं," मास्तर म्हणाले.

रत्नम्मानं अख्खी कळशी समाधीवर रिती केली. मास्तरांनी तारा सोडवल्या, मीटर काखेत मारलं आणि दोघं घरी आले. मीटर फळीवर ठेवलं. उन्हानं रत्नम्माचा घसा सुकला होता. तिनं रांजणात पेला बुडवला.

फळीवर टिक् झालं.

मीटरला एकही तार जोडलेली नव्हती. सुई टोकाला टेकली होती.

रत्नम्मानं पेला परत रांजणात ओतला.

"मला न्हाई तहान," ती म्हणाली.

सुई सावकाश खाली उतरली.