हिरव्या पट्टीच्या बाटल्या

"पेशी मरतायत, आणि ठपका माझ्यावर येतोय," संशोधक पोरगी म्हणाली.

वहिनींनी तिला आधी खुर्ची दिली, मग पाणी. वहिनींची शाळा चौथीपर्यंत, पण खासगी तपासात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेजारी भावजी वही उघडून बसले. दिराची अक्कल म्हणजे ओलं लाकूड, असं वहिनी म्हणत. पेटतं, पण धूर फार.

पोरगी स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायची. कुठलं जनुक बिघडलंय आणि त्यावर कुठलं औषध लागू पडेल, ते शोधायची. प्रत्येक रुग्णाच्या बाटल्यांना वेगळ्या रंगाची पट्टी. बाकी सगळ्या पेशी ठणठणीत. हिरव्या पट्टीच्या तेवढ्या तीनदा मेल्या. त्या होत्या तिथेच भांडी धुणाऱ्या काकांच्या बायकोच्या.

"काकूंच्या पेशींची गोठवलेली एकच नळी उरलीय. उद्या तीही गेली, तर काकूंचं औषध कशावर शोधू?"

"औषध न घातलेल्या बाटलीतल्या पेशी?"

"त्याही मेल्या."

"मग औषध निर्दोष सुटलं. लिहा, भावजी."

प्रयोगशाळेत पोरीची सहकारीण फटकन म्हणाली, "तिला काढलं तर काम मला मिळेल, खरंय. पण मी फक्त निळ्या पट्टीचं बघते."

"हीच ती," भावजी कुजबुजले. "डोळे बघा कसे लाल."

"लाल डोळ्यांवरून चोर ठरला, तर कांदा चिरताना मी दरोडेखोर."

धुण्याच्या खोलीत काकांचे हात भेगाळलेले. कोपऱ्यात साबणाचे दोन डबे रिकामे.

"महिन्याला एकच लागायचा," पोरगी पुटपुटली.

"सगळ्या बाटल्या सारख्याच धुता?" वहिनींनी विचारलं.

"हिरव्या जरा जास्त जपून. तिच्या बाटलीत जंतू राहायला नको."

वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं. धुऊन ठेवलेली एक निळ्या पट्टीची बाटली घेतली, एक हिरव्या. दोन्हींत अर्धं साधं पाणी भरलं, बुचं लावली आणि हलवल्या. निळीतलं पाणी निवांत बसलं. हिरवीत फेस गळ्यापर्यंत चढला.

"औषधाविना मेल्या, म्हणजे दोष बाटलीत. साबण दुप्पट संपला, आणि जपणूक एकाच रंगाची. काकांनी पाचपाचदा साबण लावला, खळबळायला पाणी मात्र नेहमीइतकंच. आत राहिलेल्या साबणाने पेशी मेल्या. पोरीचा हात स्वच्छ आहे."

काका मटकन बसले. "म्हणजे मीच माझ्या बायकोला..."

"तिला नाही, बाटलीतल्या पेशींना. उठा. नळी उद्या उघडायचीय ना?"

वहिनींनी बाह्या सरसावल्या आणि नळ सोडला. भावजींनीही वही मिटून एक बाटली उचलली.

पाचव्या दिवशी पोरीचा फोन आला. पेशी वाढत होत्या.

"काकांना सांग," वहिनी म्हणाल्या, "माया हवी तेवढी लावा. नंतर चार पाण्यांनी खळबळा."