डबा बडवायची पाळी

बसा, दिवा जरा पुढे ओढते. आतल्या खोलीच्या दाराशी चहा झाकून ठेवलाय, त्याला मात्र हात लावू नका. का ते सांगते.

थंडी सरत आली की काठालगतचं पाणी आधी तापतं आणि मासा उथळात येतो. मग लांब जायला नको. एकेक माणूस लहान होडी घेऊन पहाटे निघतो, खडकांच्या अलीकडे जाळं टाकतो आणि उन्हं वर यायच्या आत परततो. पण धुक्याचेही हेच दिवस. अशा वेळी किनाऱ्यावर एका बाईने पत्र्याचा रिकामा डबा काठीने बडवत बसायचं, त्या आवाजावर होड्या घर गाठतात. कुणी काठाला लागला की आपण विचारायचं, "कोण आलं?" त्याने आपल्या तोंडाने सांगायचं. शेवटचा माणूस बोलला की मगच हात थांबवायचा. सासूबाईंनी मला चूल दाखवायच्या आधी हे शिकवलं होतं. म्हणाल्या, "नुसत्या पावलांवर भरवसा ठेवू नकोस गं. धुक्यातून काहीही चालत येतं."

त्या सकाळी पाळी माझी होती, आणि आमचा नवरा-बायकोचा अबोला चालला होता.

कारण काय, तर मी त्यांच्या जुन्या टोपीचं फडकं केलं. हसा, हसा! टोपी राहिली बाजूला आणि भांडण माझ्या माहेरापर्यंत गेलं. तेव्हापासून मी भिंतीला सांगायचे, "कुणाला चहा हवा असेल तर झाकून ठेवलाय." हेही खुंटीकडे बघून म्हणायचे, "कुणाला नकोय म्हणावं." मनात म्हटलं, मेले तरी आधी बोलणार नाही.

धुकं इतकं दाट की मांडीवरचा डबासुद्धा धूसर दिसत होता. एकेक जण आला, बोलला, घरी गेला. फक्त हे राहिले होते. मग होडी वाळूला घासल्याचा आवाज आला. पाठोपाठ पावलं… डावा पाय जरा ओढत, अगदी यांची चाल. माझ्या पाठीशी येऊन थांबली. वास आला, गाळाचा, खोल तळातल्या गार गाळाचा. म्हटलं, चिखलात उतरले असतील.

ती पावलं हलेनात. मी विचारायची वाट बघत असावीत. आणि मी काय केलं? मान ताठ करून समोर बघत राहिले. मीच का म्हणून आधी बोलायचं?

पावलं घराकडे गेली. मी काठी खाली ठेवली.

दारात ओली पावलं उमटली होती, थेट आतल्या खोलीपर्यंत. दार लोटलेलं होतं. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"आला का गं?"

"आले ना. आत गेले."

"बोललीस त्याच्याशी?"

टोपीपायी नवऱ्याशी बोलत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मला लाज वाटली. म्हटलं, "हो, बोलले की."

तेवढ्यावर त्या निर्धास्त झाल्या. नाहीतर त्यांनीच डबा उचलून किनारा गाठला असता.

धुकं विरलं तेव्हा धाकटे दीर धापा टाकत आले. खाडीच्या पलीकडच्या काठावर ते होडीला डांबर लावत होते. "वहिनी, दादाचा आवाज येत होता पाण्यातून. 'डबा का थांबला? अगं, डबा का थांबला?' असं ओरडत होता. मी हाका मारल्या, पण नेमका कुठे आहे ते कळेना… मग आवाजच थांबला."

मी आतलं दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. अंथरूण मात्र चिंब भिजलं होतं, आणि तोच वास.

होडी खडकांपाशी पालथी सापडली. हे सापडले नाहीत. सगळ्यांनी आशा सोडली, सासूबाईंनी सोडली नाही. म्हणतात, "तू बोललीस ना त्याच्याशी? मग तो घरातच आहे." रोज त्या दाराशी चहा झाकून ठेवतात. परतून बघावं तर कप रिकामा, तळाशी वाळू. आणि मला अजून खरं सांगवत नाही. आधी स्वतःची लाज होती. आता त्यांची आशा मोडायची लाज वाटते.

आज पहाटे पुन्हा धुकं पडलं. पाळी माझी नव्हती, तरी मी डबा घेऊन बसले. सगळे आले, तरी हात थांबवला नाही. मग पावलं आली. डावा पाय ओढत. पाठीशी थांबली. मी डोळे मिटले. आयुष्यात एवढं कठीण काही बोलले नव्हते…

"कोण आलं?"

गाळाचा वास अगदी जवळ आला. मग माझ्या कानाशी, माझ्याच आवाजात, त्याच ठसक्यात…

"आले ना. आत गेले."

मागे आमच्या घराच्या दारातून सासूबाईंची आनंदाची हाक आली, "ऐकलं गं बाई, ऐकलं! चहा ठेवते!"