ताट एक, वाढपी दोन

ग्रीसवाल्याला त्या सूतगिरणीत एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती: कायम नोकरी. तीन महिने एकही बेअरिंग तापलं नाही, की मामा शिफारस करणार होते. मामा म्हणजे फोरमन. सख्खे कोणाचेच नव्हते, तरी सगळी गिरणी त्यांना भाचरांसारखी टरकून असायची.

कोपऱ्यातल्या मशीनवालीला मात्र काहीच मिळवायचं नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

पहिल्याच दिवशी वळणावर दोघं धडकली. त्याच्या हातातल्या, ग्रीस भरायच्या गनमधलं ग्रीस तिच्या बाहीवर उमटलं.

"आता हे निघणार कसं?"

"निघत नाही," तो म्हणाला. खरं बोलायची सवय माणसाला अशी नडते.

ती मात्र हसली... आणि त्याचं गणित बिघडलं.

ग्रीसचं काम मोठं नाजूक. कमी पडलं तर बेअरिंग कोरडं होऊन तापतं; जास्त कोंबलं तर ते आतल्या आत घुसळून तापतं. गनचे दोन दाब, बस्स. पण ती शेजारी असली की त्याला दोनपर्यंतही मोजता येईना. म्हणून तिचं मशीन तो ती जेवायला गेल्यावर उरकायचा आणि ग्रीस भरायचं तोंड फडक्यानं लख्ख पुसायचा.

तिला दिसायचं ते वेगळंच. हा सगळ्यांच्या मशीनपाशी थांबतो, आपल्यापाशी आला की मान खाली घालून पळतो. रुसला असेल. पण बेअरिंग कोरडं पडलं तर नोकरी याचीच जाईल... मग तीच गुपचूप कोपऱ्यात पडलेली जुनी गन घेऊन दोन दाब द्यायची. वर फडक्यानं लख्ख पुसायची. दोघंही इतकी टापटिपीची, की एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

तिसरा महिना सरत आला आणि तिच्या मशीनमधून करपल्याचा वास सुटला. मामांनी झाकण उघडलं. आतून पातळ झालेलं ग्रीस भळाभळा वाहू लागलं.

"कोणी कोंबलं एवढं?"

"मी," तो म्हणाला.

"मी," ती म्हणाली.

मामांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "ताट एक आणि वाढपी दोन! पोट फुटेल नाहीतर काय?"

"पण मामा, यांची नोकरी..."

"आणखी तीन महिने बघू. आणि तू त्या गनला हात लावायचा नाहीस!"

नवं बेअरिंग बसवायला तो खाली वाकला. ती विजेरी धरून उभी राहिली.

"माझ्याच मशीनपाशी का थांबत नव्हतात?"

"तुम्ही असलात की — मोजणी चुकते."

"म्हणजे चूक माझीच!"

"निम्मी."

"आणि मी कशाला मरायला ग्रीस घालत होते, ते नाही विचारणार?"

"कशाला?"

"तुम्ही गेलात, तर बाहीच्या डागावरून भांडू कोणाशी?"

त्याचा पाना जागीच थांबला. "मग... जन्मभर भांडा की."

विजेरीचा उजेड भलतीकडेच गेला.

"आधी दाब द्या," ती म्हणाली. "मी मोजते. एक..."

दोन म्हणायला तिला बराच वेळ लागला.

आता हिशेब. त्याचे तीन महिने वाढले, तिची गन गेली, मामांचं अर्ध्या दिवसाचं सूत बुडालं. पण जिवानिशी गेलं ते बेअरिंग. आणि त्या बिचाऱ्याला तर कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.